रुमालाखालचा ओटीपी

खोलीचं भाडं किती ठरलं, हे मला पहिला महिना संपेपर्यंत कळलं नव्हतं. ठरवताना मी स्वतः हजर होते, मान डोलावली होती, 'चालेल' असंही म्हटलं होतं. पण आकडा कुणी तोंडाने उच्चारलाच नाही. बारामतीजवळच्या पिंपळीतल्या त्या घराच्या ओसरीवर घरमालक आबांनी खांद्यावरचा मोठा पांढरा रुमाल काढला, आपल्या बायकोच्या, म्हणजे आक्कांच्या, हातावर पसरला आणि मला म्हणाले, "घाला हात. ती बोटं धरंल, तेवढं समजून घ्यायचं." आक्कांनी रुमालाखाली माझी बोटं धरली, दाबली, सोडली, पुन्हा दाबली. मला वाटलं, बाई प्रेमळ दिसते. मी हसले. त्याही हसल्या. आबा म्हणाले, "ठरलं." त्या प्रेमळ दाबण्यात विजेचं बिल वेगळं धरलं होतं, हे मागाहून समजलं.

आबांचा सगळा जन्म जनावरांच्या बाजारात दलाली करण्यात गेला होता. गाय विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला, मध्ये आबा, आणि भोवती कामधाम सोडून बघत उभी राहिलेली गर्दी. अशा गर्दीत भाव मोठ्याने बोलायचा नसतो. रुमालाखाली हात जातो, बोटं धरली जातात, आणि तोंडाने मात्र लेकीच्या सासरची चौकशी चालू असते. अगदी खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसालाही शेवटपर्यंत आकड्याचा पत्ता लागत नाही. भाडेकरू बाईचा हात आपण धरणं बरं दिसणार नाही, म्हणून माझ्या वेळी त्यांनी आक्कांना पुढे केलं होतं, एवढाच काय तो फरक.

पुढे गुडघे कुरकुरायला लागले तसं त्यांचं बाजारात जाणं कमी झालं, पण रुमाल काही सुटला नाही. एटीएममध्ये गेले की ते रुमाल स्वतःच्या डोक्यावरून थेट मशीनवर पसरत आणि आत कुठेतरी पिन टाकत. एकदा बाहेरचा रखवालदार धावत आत आला होता. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. किराणा दुकानात साखर किती हवी हेही ते दुकानदाराचा हात रुमालाखाली घेऊन सांगायचे. "आबा, साखर हाय ती, सोनं न्हाय," असं दुकानदार म्हणाला, तर आबांचं उत्तर तयार: "मी किती ग्वाड खातो ते गावाला कशाला पायजे?" घरातल्या वायफायच्या डबीवरसुद्धा एक जुना रुमाल घातलेला असे. मी पहिल्याच आठवड्यात त्यांना समजावून सांगितलं की लहरींना कापडाने काही होत नसतं. "असू द्या," ते म्हणाले, "तिलाबी बरं वाटतंय."

चारचौघांत ते मला 'मॅडम' म्हणत आणि घरात 'पोरी'. दोन्हीकडे पालुपद मात्र एकच होतं. "बोला कायबी, आकडा झाका."

मला हा सगळा अडाणीपणा वाटायचा, कारण मी सुशिक्षित होते. साताऱ्याकडून बारामतीला मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला आले होते. माझा पासवर्ड म्हणजे माझं नाव आणि पुढे माझं जन्मसाल, आणि तोही मी विसरत असल्यामुळे क्लासमधल्या स्क्रीनच्या कडेला चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला. मोबाईलचा दिवसाचा डेटा मालिका बघण्यात दुपारीच संपायचा. मग मी फुकट वायफायच्या वासावर बारामतीभर हिंडायचे. बसस्थानकाचा बाक, दवाखान्याचा वऱ्हांडा, कुठे म्हणून बसले नाही असं नाही. दवाखान्यातल्या नर्सने तर एकदा काळजीने विचारलं होतं, "तुमचं पेशंट कुठलं?" एका कापडाच्या दुकानात वायफाय जोरात आहे म्हणून मी कितीतरी वेळ साड्या उलगडायला लावल्या आणि शेवटी लाजेकाजेस्तव एक घेतली. फुकट इंटरनेटची एवढी महाग साडी तालुक्यात दुसऱ्या कुणाकडे नसेल.

अशा मला एका कॉलेजने 'सुरक्षित इंटरनेट' या विषयावर व्याख्यानाला बोलावलं.

पहिलं व्याख्यान आपटलं. 'एन्क्रिप्शन' हा शब्द उच्चारला की मागच्या बाकांवर डबे उघडत होते. दुसऱ्या वर्गावर मी वैतागून आबांच्या रुमालाची गोष्ट सांगितली. म्हटलं, सार्वजनिक वायफाय म्हणजे जनावरांचा बाजार समजा. तुम्ही तिथे जे उघड बोलाल ते आजूबाजूचा कुणीही ऐकू शकतो. पण साइटच्या पत्त्यात कुलपाची खूण असली, तर समजायचं की तुमच्या आणि त्या साइटच्या हातांवर रुमाल पडलाय. सगळा वर्ग सावरून बसला. डबे बंद झाले. एका मुलीने तर टाळी वाजवली.

त्यानंतर मी आबांनाच व्यासपीठावर नेऊ लागले. त्यांनी पहिल्याच कार्यक्रमात प्राचार्यांचा हात रुमालाखाली घेतला आणि त्यांच्याशी पीकपाण्याच्या गप्पा मारता मारता त्यांना एक म्हैस विकली. प्राचार्य नको नको म्हणेपर्यंत व्यवहार पुरा झाला होता. हॉल हसून हसून बेजार. मग गावोगावची बोलावणी येऊ लागली. माझं नाव होतंय अशी माझी समजूत होती. लोक रुमाल बघायला येत होते, हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. आबा रंगात आले की म्हणायचे, "आमच्या रुमालाला इंग्रजीत एक नाव हाय. ते मॅडमला इचारा. माझी जीभ वळत न्हाय."

व्याख्यानाच्या शेवटी मी नियम सांगायचे. जिथे बसला आहात त्या जागेच्या नावाचंच वायफाय जोडा. आकडे टाकताना कुणाला दिसू देऊ नका. मोबाईलवर आलेला ओटीपी कुणालाही सांगू नका. हा शेवटचा नियम मी सगळ्या सभागृहाकडून मोठ्याने म्हणवून घ्यायचे आणि कुणी मागे बसून नुसते ओठ हलवत असेल तर त्याला उभं करायचे.

आता आबांच्या ग्रुपबद्दल सांगायला हवं. बाजार कमी झाला तरी लोकांनी आबांना सोडलं नव्हतं. बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या गाई-म्हशीवाल्यांनी मोबाईलवर एक मोठा ग्रुप केला होता आणि आबांना त्याचं प्रमुख नेमलं होतं. कुणाला गाय घ्यायची असली की तिचा चालतानाचा व्हिडिओ ग्रुपवर पडायचा. आबा आवाज बंद करून तो बघत, गाय मागून कशी चालते ते पुन्हा पुन्हा बघत, आणि मग आपल्या आवाजात एकच शब्द धाडत. "घ्या." किंवा "ऱ्हाऊ द्या." बस्स. त्यांनी 'घ्या' म्हटलेली गाय माणसं न बघता गोठ्यात आणून बांधत. लिहायचं काही असलं तर ते काम माझ्याकडे असे. त्यांच्या मोबाईलमध्ये माणसांची नावं नव्हतीच. 'काळी कोऱ्हाळे', 'शिंगमोडी निमगाव', 'लाथाळ पिंपळी' अशा गाईंच्या नावावर मालकांचे नंबर ठेवलेले होते. मीसुद्धा त्यात कशाच्या तरी नावाने असणार. ते बघायचं धाडस मी केलं नाही.

एके दिवशी निमगाव केतकीला व्याख्यान झालं. 'सार्वजनिक वायफाय आणि आपण' हाच विषय होता. नारळ, शाल, फोटो सगळं यथासांग झालं आणि आम्ही बारामतीकडे परत निघालो. वाटेत चहाला एका हॉटेलात थांबलो. तेवढ्यात कोऱ्हाळे बुद्रुकहून फोन आला. "आबा, गाय दारात हुबी हाय, मालक घाई करतोय. व्हिडिओ टाकलाय, तेवढा बघा की."

व्हिडिओ काही उघडेना. आबांच्या मोबाईलला बोलण्यापुरती रेंज होती, इंटरनेटपुरती नव्हती, आणि माझा डेटा नेहमीप्रमाणे संपला होता. मी सवयीने वायफाय शोधलं. हॉटेलचंच नाव, पुढे 'फ्री'. मी आबांना विजयाने दाखवलं. "बघा आबा, आपला पहिला नियम. जागेचं नाव आहे." जोडल्याबरोबर एक पान उघडलं. वाफाळत्या कपाचं चित्र, खाली मोबाईल नंबर टाका, मग आलेला ओटीपी टाका. मी टाकला. शेजारच्या टेबलावर एक तरुण लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याने आपणहून उठून आबांना पंख्याखालची खुर्ची दिली. 'सगळीच तरुण पिढी काही वाया गेलेली नाही,' असं मी त्यावर म्हणाले. हे वाक्य मला अजून जेवताना आठवतं आणि घास अडकतो.

आबांनी आधी चारी बाजूंना पाहिलं. मग रुमाल काढला, मोबाईलवर पसरला, स्वतः त्यात शिरले आणि आत बसून सावकाश एकेक आकडा दाबला. नंबर दिला. ओटीपी आला, तोही दिला. हॉटेलात भरपूर माणसं होती. पण एकालाही आकडा दिसला नाही. पानावर 'थोडा वेळ थांबा' असं येत राहिलं. आम्ही थांबलो, चहा संपवला, इंटरनेट काही सुरू झालं नाही. "सांजच्याला सांगतो," असं आबांनी कोऱ्हाळ्याला कळवलं आणि आम्ही घरी आलो.

घरी पोचतोय तोच एक फोन. "आबा, ती गाईच्या अनुदानाची फाइल तुमी ग्रुपवर टाकली न्हवं, ती दाबली तर उघडंना. काय करू?"

"कसली फाइल?" आबा म्हणाले.

मी त्यांच्या हातातून मोबाईल घेतला. मेसेजचं ॲप म्हणत होतं की हा नंबर आता दुसऱ्या मोबाईलवर चालू आहे. माझा उघडला. तोही तेच म्हणत होता. मग मी तो दुपारचा ओटीपीचा मेसेज पहिल्यांदा नीट वाचला. हॉटेलचं त्यात नावही नव्हतं. तो सरळसरळ मेसेजच्या ॲपचा होता आणि त्याखाली लिहिलं होतं, हा कोड कुणालाही देऊ नका. एवढं वाक्य मी सबंध निमगावाकडून घोकून घेऊन आले होते. वायफायचं ते पान खोटं होतं, शेजारच्या त्या लॅपटॉपवरून सोडलेलं. आम्ही दिलेल्या नंबरावर चोराने आमचं ॲप स्वतःच्या मोबाईलवर चालू करायला घेतलं, त्याचा ओटीपी आमच्याकडे आला आणि आम्ही तो आमच्या हाताने त्याला पोचवला. असली खाती पळवतात कशी, यावर माझ्याकडे अख्खी स्लाइड होती, रंगीत.

त्या हॉटेलवाल्याला पुढे एकदा विचारलं, तर तो म्हणाला, "वायफाय? माझ्याकडं कवाच न्हवतं. माझ्याकडं तर दुपारची लाईटबी नसती."

आबांना मी सगळं उलगडून सांगितलं. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "म्हंजी रुमाल घातला, पर हात चोराच्याच हातात दिला."

"हो आबा."

"बाजारात हात घालायच्या आदी आमी त्वांड बघतो, पोरी. हितं त्वांडच न्हवतं." हे वाक्य पुढच्या व्याख्यानात घालता येईल, असं त्याही क्षणी माझ्या मनात आलं, आणि मग माझी मलाच लाज वाटली.

नवा कोड मागवून मी चोराला आमच्या दोघांच्या खात्यांतून बाहेर काढलं. पण त्याने जाताना आतून कडी घातली होती. म्हणजे आत आपला पिन लावून ठेवला होता, आणि तो निघायला आठवडाभर थांबणं भाग होतं. तोवर आबांना ग्रुपवर 'घ्या' म्हणता येणार नव्हतं, आणि 'घेऊ नका' म्हणायची तर खरी गरज होती. फाइल ग्रुपवर तशीच पडून होती. ती मोबाईलमध्ये बसवली की मोबाईल चोराच्या ताब्यात जाणार, आणि वर लिहिलं होतं आबांचं नाव.

चोराने माझ्याही नावाने तीच फाइल माझ्या सगळ्या नातेवाइकांना पाठवली होती. एकानेही उघडली नाही. मावसबहिणीने फोन करून प्रांजळपणे सांगितलं, "तुझे ते इंटरनेटचे मेसेज ना, मी साठवून ठेवते गं, सवडीने बघेन." माझ्या नावाचा चोरालासुद्धा काही उपयोग झाला नाही. आबांच्या नावाची गोष्ट वेगळी होती. आबा कधी लिहीत नाहीत, मग हे लिहिलेलं कसं, अशी शंका एक-दोघांना आली होती. पण 'मॅडमनं लिवून दिलं आसंल' म्हणून तिचं समाधान झालं होतं.

स्वतःच्या मोबाईलवरचा विश्वास उडाल्यामुळे ती सगळी संध्याकाळ आबा आक्कांच्या मोबाईलवरून एकेक गाय लावत होते. "हॅलो, शिंगमोडी का? मी बोलतोय. ती फाइल उघडू नगा." मी मागून सुधारणा सुचवत होते, 'लिंक म्हणा, मालवेअर म्हणा.' आबांनी मला हाताने गप्प केलं आणि पुढच्या गाईला सांगितलं, "माझ्या नावानं चोर बोलतोय." ते सगळ्यांना एका झटक्यात कळत होतं. पण ग्रुपातल्या निम्म्या लोकांचे नंबर आबांकडे नव्हतेच, आणि दुसऱ्या कुणी ग्रुपवर लिहिलं तर आबांच्या नावापुढे त्याचं कोण ऐकणार?

"उद्या बाजार हाय," आबा म्हणाले. "तितं सांगतो."

आक्कांचा चेहरा उतरला. "आवं, दलालच फसला म्हणल्यावर कोण दारात यील? लोकं हसत्याल." मलाही तेच वाटत होतं. जनावर ओळखणारा म्हणून ज्याचं नाव, त्याने भरबाजारात 'मी गंडलो' म्हणायचं म्हणजे होतं-नव्हतं सगळं संपलं. मी माझ्या सुशिक्षित डोक्याने तोड काढली. "आबा, मोबाईल हरवला होता असं सांगू या. कुणाच्या तरी हाती लागला, त्याने पाठवलं. तुमच्याकडे दोष येत नाही."

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लंगडी गाय धडधाकट म्हणून आणून उभी केली होती. "पोरी," ते म्हणाले, "खोट झाकून मी जनावर इकलं न्हाय कवा. आता खोट माझ्यातच निघालीया, तर झाकू व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून त्यांच्याबरोबर इंदापूरच्या बाजारात गेले. तिथे आबांचे एक जुने वैरी होते, अब्बासभाई. तेही दलाल, वयाने आबांच्याच जोडीचे. कधीकाळी अब्बासभाईंच्या सर्जा नावाच्या खोंडाकडे बघून आबा चारचौघांत बोलून गेले होते, "मागच्या पायात नरम हाय." पुढे त्याच सर्जाने अब्बासभाईंचं शेत वर्षानुवर्षं नांगरलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. एकाच गाईच्या व्यवहारात समोरासमोर आले, तर दोघे त्या गाईशी बोलायचे. "ह्या माणसाला सांग बाई, एवढं जमायचं न्हाय." "त्यालाबी सांग, नगं तर नगं." गाय रवंथ करत उभी असायची आणि व्यवहार पुरा व्हायचा. अब्बासभाई ग्रुपात होते, पण तिथेही त्यांनी कधी शब्द काढला नव्हता. आबांच्या बोलण्यावर गवताची काडीसुद्धा घेणार नाही, असं ते सगळ्यांना सांगत असत.

बाजारात वासरू सुटलं किंवा कुणाची चुकामूक झाली की पुकारा करायला एक माइक होता. आबांनी तो मागून घेतला. आयुष्यभर ज्यांनी साखरसुद्धा चोरून मागितली, ते आबा माइक तोंडाशी धरून अख्ख्या बाजाराला सांगू लागले.

"मी पिंपळीचा दलाल बोलतोय. मला सगळी वळखत्यात. काल मी हाटेलात बसून माझा ओटीपी चोराला दिला. कुणी हिसकावून घेतला न्हाय, मीच दिला. ग्रुपवर माझ्या नावानं फाइल आलीया, ती माझी न्हाय. उघडू नगा. ज्यानं उघडली आसंल त्यानं हितं यावं. लाजू नगा. मी लाजलो न्हाय."

मग कुणीतरी हसलं आणि ते हसू पसरत गेलं. एकाने ओरडून विचारलं, "आबा, मग आता गाय घेताना कुणाला इचारायचं?"

"आपल्या डोळ्यांला इचारा," आबा माइकवरूनच म्हणाले. "दोन दोन दिल्यात की."

मी तिथे मान खाली घालून उभी होते. मी त्यांच्या जागी असते तर मोबाईल हरवला म्हणून मोकळी झाले असते, आणि वर पोलिसांत तशी तक्रारही नोंदवली असती. पण तो ताठ उभा म्हातारा बघताना मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

पहिला माणूस आला तो इकडे-तिकडे बघत आला. फाइल उघडली होती, घरी सांगितलं नव्हतं. मग एक बाई आल्या. मग एक निवृत्त गुरुजी आले. त्यांची फाइल ही नव्हतीच, दुसरीच कुठली तरी जुनी होती, आणि तेव्हापासून ते त्याबद्दल कुणाशी बोलले नव्हते. आबांनी सगळ्यांना लिंबाच्या झाडाखाली बसवलं, चहा सांगितला आणि मला म्हणाले, "मॅडम, आता दावा तुमचं शिक्षण." मी एकेकाचा मोबाईल घेऊन इंटरनेट बंद केलं, त्यांच्या बँकांना फोन लावले, पोलिसांकडे सायबर तक्रारी नोंदवल्या. त्या दिवशी मी पहिल्यांदाच माझ्या विषयात कुणाच्या उपयोगी पडले.

गर्दी पांगल्यावर अब्बासभाई आले. ते बराच वेळ लांब उभे राहून बघत होते. जवळ आल्यावर त्यांनी आजूबाजूला नजर फिरवली. बोलायला मध्ये एखादं जनावर हवं होतं, आणि झाडाखाली तर एक शेळीही नव्हती.

"तुजी फाइल," शेवटी ते थेट आबांनाच म्हणाले, "माझ्या मोबाईलमधी मावत न्हवती."

आबांनी वर पाहिलं.

"जागा न्हाय म्हणत हुता. मग जुनं व्हिडिओ पुसत बसलो. नातीचं लगीन पुसलं. गाई पुसल्या. तरीबी मावंना. पुसतच हुतो, तवर तू माइकवर बोललास."

"आरं, पर एवढं कशापायी?"

"वर तुजं नाव हुतं."

आबांनी बाजूला सरकून जागा केली. अब्बासभाई खाली बसले आणि पायातल्या चपलेकडे बघत म्हणाले, "सर्जाबी पुसला. लम्पीच्या साथीत गेला तो. तेवढा एकच व्हिडिओ हुता."

आबांनी मोबाईल काढला. बराच वेळ ते त्यात साठवलेले व्हिडिओ वर-खाली करत राहिले. मग त्यांनी तो अब्बासभाईंच्या हातात दिला. मी मागून डोकावून पाहिलं. बेंदराच्या, बैलांच्या सणाच्या, दिवशी कुणीतरी ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ होता. रंगवलेल्या शिंगांचा, झूल पांघरलेला सर्जा गल्लीतून चालत येत होता आणि कडेला अब्बासभाई, आतापेक्षा बरेच ताठ.

"तू ठिवला हुतास?" अब्बासभाई म्हणाले.

"चाल बघाया ठिवला," आबा म्हणाले. मग थांबून म्हणाले, "मागच्या पायात काय नरम न्हवता."

अब्बासभाईंनी व्हिडिओ पुन्हा लावला. माझं शिक्षण पुन्हा उसळून आलं. मी पुढे होऊन सांगू लागले की हा तुमच्या मोबाईलवर लगेच घेता येईल, ब्लूटूथने येईल, केबलने येईल, नाहीतर मी क्लासमधून—

"न्हाय मॅडम," अब्बासभाई स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले, "पाठवू नगा. त्याच्यापाशीच असू द्या. मी येत जाईन बघाया."